बेशरमाचा पाला

आमच्या वडगावच्या गल्लीत शेळ्या आल्या त्या माग गेल्यानंतर. समोरच्या घरात चार पॉवरलूम होते. लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या खडखडाटात मला स्वतःचं बोलणंही ऐकू यायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, सवय होईल, मग बंद पडला की चुकल्यासारखं वाटेल. तसंच झालं. साड्यांना गिऱ्हाईक कमी होत गेलं, एकेक माग थांबला, आणि एका दुपारी टेंपो येऊन चारही माग मोडीत घेऊन गेला. समोरच्या आक्का तेव्हा दारात आल्या नाहीत. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, ते तेवढे टेंपोच्या मागं कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि परत येऊन कट्ट्यावर बसले.

महिन्याभरात त्याच खोलीत शेळ्या आल्या. आधी दोन, वर्षभरात सात. माग जमिनीत बसवायचे लोखंडी बोल्ट तसेच होते, त्यांनाच दावी बांधली. आक्कांचं माहेर शहापूरचं, दोन्हीकडं विणकरच. सगळा जन्म मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेलेला. कुठलं झुडूप काय आणि जनावरानं काय खावं, हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. म्हणून त्या भेटेल त्याला विचारायच्या, आणि सगळ्यात जास्त मला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गल्लीत कुणाच्या बोअरच्या पाण्याला वास येवो की औषधाच्या पाकिटावरचं वाचायचं असो, "टीचरना विचारा" असं ठरलेलं. मला ते आवडायचं, हे इथं लिहून ठेवायला हवं.

त्या वर्षी पावसाळ्यात बळ्ळारी नाला पात्राबाहेर आला. भात पंधरा दिवस पाण्याखाली राहून कुजलं. बांधावरची चाऱ्याची शेवरी काळी पडली. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, भिजून तिला बुरशी आली. पाणी ओसरलं तेव्हा सगळीकडं चिखलाचा रंग होता, आणि त्यात हिरवं म्हणून एकच उरलं होतं. नाल्याच्या दोन्ही काठांना उभं असलेलं बेशरम. पाण्यात बुडालं तरी मरत नाही, तोडून टाकलं तर पडल्या जागी फुटतं, म्हणून हे नाव. पुरुषभर उंच, बदामासारखी पानं, फिकट जांभळी भोंग्याच्या आकाराची फुलं. दिसायला वाईट नाही.

एका सकाळी मी स्कूटी बाहेर काढत होते. चाचणी परीक्षेवर सुपरव्हिजन होतं आणि मला उशीर झाला होता. आक्का हातात विळा घेऊन आल्या.

"टीचर, नाल्याकडचं ते बेशरमाचं शेळ्यास्नी चालतंय काय हो? कोण म्हणतंय चालतंय, कोण म्हणतंय नको."

मी हेल्मेटचा पट्टा लावत होते. म्हटलं, "शेळीला कळतंय की आक्का. विषारी असतं तर तिनं तोंडच लावलं नसतं."

"व्हय, तेबी खरंच."

एवढंच बोलणं झालं. मी हे कुठं वाचलं नव्हतं, कुणी मला सांगितलं नव्हतं. तोंडात आलं आणि बोलून गेले. आक्का विळा घेऊन नाल्याकडं गेल्या.

पहिले दोन दिवस शेळ्यांनी खरंच तोंड लावलं नाही. आक्कांनीच सांगितलं. हुंगायच्या आणि मान फिरवायच्या. पण दुसरं काही नव्हतंच. तिसऱ्या दिवशी एकीनं खाल्लं, मग बाकीच्यांनी. पंधरवड्यात अशी गोडी लागली की अण्णांनी लांबून आणलेला सुबाभळीचा पाला त्या पायाखाली तुडवायच्या आणि बेशरमाची पेंढी दारात दिसली की दावं ताणून ओरडायच्या. आक्का खूश होत्या. सोय झाली होती. मीही मनात म्हटलं, बघा, शेळीला कळतं.

त्याच दिवसांत सासूबाईंचं पोट बिघडलं. डेअरीचं दूध पचेना. कुणीतरी शेळीचं दूध सुचवलं, आणि रोज सकाळी समोरून एक लहान तांब्या यायला लागला. आक्का त्याचं काही घेत नसत. "घरचंच हाय," म्हणायच्या.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. समोर बांडी नावाची काळी-पांढरी शेळी उन्हात बांधली होती. ती मान हलवत होती. वर-खाली, सावकाश, न थांबता. कुणीतरी तिच्याशी बोलतंय आणि ती होकार देत्येय, असं वाटत होतं. मी दोन चादरी वाळत घातल्या, सगळे शर्ट घातले, तरी ती हलवतच होती. कानात काहीतरी गेलं असेल म्हणून मी खाली आले.

आठवड्यात तिची चाल बदलली. पायरी नसलेल्या जागी पायरी असल्यासारखा ती पाय उचलायची आणि मग तो कुठं ठेवावा हे तिला उमगायचं नाही. दाराच्या चौकटीला धडकायची. डोळे उघडे, पण समोरच्या माणसावर ठरायचे नाहीत. मग दुसरी, मग तिसरी. एकदा आक्कांकडं कोथिंबीर मागायला गेले तर खोलीत पाच शेळ्या एकाच भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या आणि पाचही माना हलत होत्या. एकही ओरडत नव्हती. भिंतीवर काही नव्हतं. मी कोथिंबीर न घेताच परत आले.

गल्लीत बोलणं सुरू झालं. खंडेनवमीला पुजलेले माग मोडीत घातले, त्याचं हे, असं कोपऱ्यावरच्या म्हातारीनं सांगितलं. अण्णांच्या ते मनात बसलं. त्यांनी खोलीत जायचं सोडलं. दारावर लिंबू-मिरच्या लागल्या. आक्का मला काही म्हणाल्या नाहीत, पण संध्याकाळी खोलीच्या उंबऱ्यावर दिवा ठेवायला लागल्या. मी घरात नवऱ्याला म्हटलं, जीवनसत्त्व कमी पडलं असेल. त्यानं मान डोलावली आणि मला एकदम त्याचीही मान बघवेना.

मग एका रविवारी बांडी दावं तोडून गेली. मी पिरनवाडीला मैत्रिणीकडं जाऊन परतत होते, तर आक्का आणि अण्णा नाल्याच्या वाटेवर हाका मारत चाललेले दिसले. मी स्कूटी लावली आणि त्यांच्याबरोबर गेले. ती सापडली नाल्यात. पोटापर्यंत पाण्यात, बेशरमाच्या मधोमध. शेळी पाण्याला किती भिते हे आता मलाही माहीत झालं होतं. तोंडात पानं होती आणि ती चावत नव्हती. मान उलटी आभाळाकडं झालेली, अंग झुलत होतं.

"बांडे! ए बांडे!" आक्कांनी हाक मारली. तिचा कानसुद्धा वळला नाही.

अण्णांनी आत उतरून तिला ओढलं. तेव्हा ती ओरडली. मी शेळ्यांचं ओरडणं वर्षभर ऐकत होते, पण असं नाही. तिला त्या झुडपांपासून तोडल्याचं ते ओरडणं होतं. काठावर आणल्यावरही ती वळून पुन्हा तिकडंच निघाली, पडली, आणि पडल्या पडल्या पाय मारत राहिली. तिच्या ओठाला चिकटलेलं बेशरमाचं पान मी ओढून काढलं.

दुसऱ्या दिवशी मी पहिले दोन तास सुट्टी घेतली आणि आक्कांबरोबर रिक्षातून बांडीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, बागलकोटकडचे, मराठी तोडकं. त्यांनी फारसं काही विचारलं नाही. बांडीची हनुवटी दोन्ही हातांनी धरून तिचं तोंड सरळ वर केलं आणि तसंच धरून ठेवलं. मिनिटभर असेल. मग सोडलं. चारही पाय एकदम काढून घेतल्यासारखी ती कोबावर कोसळली.

"एन तिनसीरी?" त्यांनी कानडीत विचारलं. काय खायला घातलंत?

आक्कांनी पिशवीतून बेशरमाची डहाळी काढून दाखवली. डॉक्टरांनी ती हातात न घेताच मान हलवली.

"हे घाला म्हणून कोण सांगितला?"

मी बांडीचं दावं धरून उभी होते. आक्कांनी माझ्याकडं बघितलं नाही. थोडा वेळ गेला.

"कोण न्हाय," आक्का म्हणाल्या. "मीच घातलं."

बोलायला वेळ होता, कुणी मला अडवलं नव्हतं. मी दाव्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली.

डॉक्टरांनी समजावलं. आजपासून हा पाला बंद. ज्या थोड्या बिघडल्यात त्या सुधारतील, ज्या फार पुढं गेल्यात त्यांचं सांगता येत नाही. औषध असं काही नाही. मग बोलता बोलता मी काय शिकवते हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी केसपेपरच्या मागं एक नाव लिहून दिलं. "मॅडम, तुम्हाला कळेल हे." स्वेनसोनिन.

त्यावरचा एक लेख मी कॉलेजात स्टाफरूममध्ये बसून वाचला. लहानसा रेणू. एक पाच कोनांचं वलय, एक सहा कोनांचं, दोन्हींच्या जोडावर नायट्रोजन. फळ्यावर अर्ध्या मिनिटात काढून होईल. आपल्या पेशींत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, वापरून झालेल्या साखरेच्या साखळ्या तोडणारं. हा रेणू त्या साखरेसारखा दिसतो. विकर त्याला धरतं आणि तिथंच अडकून पडतं. मग न तुटलेल्या साखळ्या पेशीत साठत जातात. पेशी फुगते, तिच्यात फुगेच फुगे होतात. मेंदूतल्या पेशींचं असं झालं की मान हलते, पाय कुठं पडतो ते कळत नाही. आणि हे विष ते झाड स्वतः करतसुद्धा नाही. त्याच्या आत, पानांत आणि बियांत, एक बुरशी राहते, वरून न दिसणारी. ती करते.

त्याच लेखात पुढं होतं की जनावर सुरुवातीला हे झाड टाळतं. भुकेनं एकदा खाल्लं की चटक लागते, आणि मग दुसरा चारा समोर असूनही ते त्यालाच शोधत जातं. हा परिच्छेद मी तीनदा वाचला. त्याखाली आणखी एक वाक्य होतं. हे विष दुधातून उतरतं.

विकराची क्रिया मी पंधरा वर्षं शिकवत आले आहे. कुलूप आणि किल्ली, चुकीची किल्ली कुलपात अडकते, वगैरे. मुलं हसावीत म्हणून मी त्यात एक विनोदही करते. त्या आठवड्यात नेमका तोच धडा होता. मी तो विनोद न करता शिकवला आणि कुणाला फरक जाणवला नाही.

समोरच्या घरातले पुढचे दिवस वाईट होते. पाला बंद केल्यावर शेळ्या दोन दिवस सतत ओरडत राहिल्या. शेवरी पुढ्यात टाकली तर तिच्यावरून नजर जायची आणि दाराकडं लागायची. बांडी तिसऱ्या दिवशी उठली नाही. आठवड्यानं आणखी एक गेली. एक गाभण होती, ती व्याली, पण करडाचे पुढचे दोन्ही पाय गुडघ्यातून आत वळलेले. ते उभं राहू शकत नव्हतं. आक्कांनी त्याला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजलं. बाहेरून आणलेलं, आईचं नाही, कारण तेवढं मी त्यांना सांगितलं होतं. दोन दिवस ते जगलं.

उरलेल्या पाचातल्या तीन हळूहळू माणसात, म्हणजे शेळ्यांत, आल्या. दोन तशाच राहिल्या. माना हलायच्या, उभ्या उभ्या तोल जायचा. खाटकाला बातमी लागलीच. तो येऊन बघून गेला, त्या दोघींना न्यायला तयार होता. आक्का माझ्याकडं आल्या.

"टीचर, हेचं मटण मानसानं खाल्लं तर काय हुतंय?"

मी त्यांना आत बोलावून बसवलं. म्हटलं, "मला माहीत नाही आक्का. मी वाचलं, पण माणसाबद्दल नीट कुठं सापडलं नाही."

"तुमास्नीबी म्हाईत न्हाय?"

"नाही."

त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग उठून गेल्या आणि त्यांनी खाटकाला परत पाठवलं. त्या दोन शेळ्या उन्हाळ्यापर्यंत त्या खोलीत उभ्या राहिल्या आणि एकीमागून एक गेल्या. बऱ्या झालेल्या तिघी आक्कांनी संकेश्वरला बहिणीकडं पाठवल्या. तिकडं ऊस आहे, चाऱ्याला उसाच्या शेंड्यांचं वाडं मिळतं.

खोली रिकामी झाल्यावर एका दुपारी मी समोर गेले. आक्का सुपात तीळ पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच बोलले, बसले असते तर बोलले नसते.

"आक्का, ते पाल्याचं मी सांगितलं होतं तुम्हाला. त्या सकाळी."

"व्हय की," त्या म्हणाल्या. सूप थांबलं नाही.

"मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा..."

"काय सांगू? तुमी पोरास्नी शिकवताय. तुमचं नाव कशाला घालवू?" त्यांनी फोलपटं फुंकली. मग सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "पर मी वाट बघितली हां. तुमी बोलशीला म्हणून. मग म्हटलं, जाऊ दे."

माफी मागायला म्हणून मी गेले होते. मागितलीही, पण ती त्यानंतर, आणि ती कुठंच पोचली नाही असं मला तेव्हाही वाटलं. त्यांनी मला चहा दिला. आम्ही आजही रोज बोलतो. त्या आता एका घरगुती कारखान्यात चपात्या लाटायला जातात. अण्णा त्या खोलीत पाऊल ठेवत नाहीत. त्यांना रेणू वगैरे मी समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झाडात काय तरी राहतंय म्हणताय न्हवं? तेच की मग."

सासूबाईंचं मी शेवटी लिहिते आहे, कारण ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

तो लेख वाचला त्याच दिवशी त्यांचं शेळीचं दूध बंद केलं होतं. जेमतेम अडीच महिने त्या ते घेत होत्या, रोज एक वाटी. त्यानंतर कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येत नाही, मला त्यांची मान हलताना दिसली. अगदी बारीक. जेवायला बसल्या की, किंवा सुईत दोरा ओवताना. त्या अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. आमचे डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, पुष्कळांना होतं. मी त्यांना दुधाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला वाटत नाही, पण नाहीच म्हणून मी लिहून देणार नाही. हात पुढं करायला लावले, चालवून बघितलं. बाकी सगळं ठीक होतं.

नवरा म्हणाला, "आईची मान आधीपासूनच हलते की. तुझं लक्ष नव्हतं." निपाणीला असलेल्या नणंदेला मी फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "न्हाय गं वहिनी, कधी हलत न्हवती. का गं? काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही."

तेव्हापासून मी सासूबाईंची मान बघते. भाजी निवडताना, टीव्ही बघताना, देवासमोर. ती हलत नसली की मी मोजल्यासारखी थांबते, आणि मग ती हलते. माझं बघणं त्यांना कळतं की काय कोण जाणे. एकदा म्हणाल्या, "माझ्या तोंडाला काय लागलंय काय?"

नणंदेच्या मुलाच्या लग्नाचं चित्रीकरण आमच्याकडं आहे. लग्न निपाणीला झालं होतं, पुराच्या आदल्या वर्षी. मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी ते लॅपटॉपवर लावलं. सासूबाईंना शोधायला. पहिला अर्धा तास त्या नाहीतच. मग जेवणाच्या मंडपात दिसतात, लाल खुर्चीवर, कुणाशी तरी हसत बोलताना. सात-आठ सेकंद. मान हलते आहे, पण बोलताना कुणाचीही हलते. मी मागं नेऊन पुन्हा बघितलं. चित्रीकरण करणारा चालत होता, त्यामुळं अख्खा मंडपच हलत होता. खुर्च्या, खांब, दिव्यांच्या माळा, सगळंच. मी कितीदा बघितलं ते आठवत नाही.

"काय बघायलीयस गं?" सासूबाई माझ्यामागं येऊन उभ्या होत्या.

"लग्नाचं, आई. सहजच."

त्या खुर्ची ओढून बसल्या, चष्मा लावला. "लाव की, थांबवलंस कशाला?" मी लावलं. त्या बोट दाखवत एकेकाला ओळखत गेल्या. "हा गेला बघ गेल्या वर्षी. ही निपाणीची मावशी, हीबी गेली." मग त्यांना त्या स्वतः दिसल्या. "थांब, थांब. ही मीच न्हवं?"

मी थांबवलं. पडद्यावर त्या तोंड अर्धवट उघडं ठेवून हसत होत्या. थांबलेल्या चित्रात मान हलायचा प्रश्नच नव्हता.

"बरी हुते की गं मी तवा," त्या म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या त्यांच्याकडं मी बघितलं नाही. म्हटलं, "आताही बऱ्याच आहात, आई," आणि चित्र पुढं चालू केलं.